ब्लॉगवर छान दिसलेला उपक्रम आपल्या वर्गात का फसतो?

पत्राचा सारांश: तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. वर्गात ३२ मुलं आणि आठवड्यातून एकदा ४० मिनिटांचा लेखनाचा तास. 'माझा आवडता प्राणी', 'पावसाळ्यातला एक दिवस' असे विषय देऊन झाले, मुलं कंटाळली. म्हणून वर्षभर त्या इतर शिक्षकांचे ब्लॉग वाचतायत आणि आवडलेल्या उपक्रमांच्या लिंक साठवतायत. साठा २०० च्या वर गेला आहे, पण वर्गात करून पाहिलेले बहुतेक उपक्रम फसले. ब्लॉगवरच्या फोटोंत पानंच्या पानं भरलेली असतात आणि इथे चार ओळींत गाडी थांबते. एक सहकारी याला उचलेगिरी म्हणतात. त्यांचे प्रश्न असे: याहून चांगले ब्लॉग कुठे शोधू? ही खरंच उचलेगिरी आहे का? की आपल्याकडे कल्पकता नाही हे मान्य करून जुनेच विषय द्यावेत?

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. ज्या बाईंना २०० उपक्रम आवडू शकतात, त्यांना चांगली कल्पना नक्की ओळखता येते. तेव्हा कल्पकतेची शंका मनातून काढून टाका. अडचण वाचण्याच्या पद्धतीत आहे. तुम्ही ब्लॉगवरून विषय उचलता, आणि विषय हा लेखनाच्या उपक्रमातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग असतो.

'पावसाळ्यातला एक दिवस' खरंच शिळा झालाय का, हे जरा तपासू. पाऊस काही मुलांना शिळा झालेला नाही. शिळी झाली आहेत त्या विषयामागून येणारी वाक्यं: 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. सगळीकडे हिरवळ पसरते.' मोठ्यांना हेच हवं असतं हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून ती तेच देतात. आता त्याच वर्गाला सांगा: 'पाऊस थांबल्यानंतरची पहिली दहा मिनिटं. फक्त जमिनीवर काय दिसतं ते लिहायचं. वर बघायचं नाही.' पाठ केलेलं एकही वाक्य इथे कामाला येत नाही. मूल आठवायला लागतं: डबक्यात तरंगणारं पान, चिखलातला चपलेचा ठसा, भिंतीवर उडालेले शिंतोडे. विषय जुनाच राहिला, फक्त बघायची जागा आखून दिली.

म्हणून ब्लॉग वाचताना प्रत्येक उपक्रमाचे चार भाग पाडत जा: विषय, साचा, अट आणि वाचक. साचा म्हणजे लिखाणाचं रूप. यादी, पत्र, तक्रार, नोंदवही, मुलाखत, सूचना यांपैकी काय. अट म्हणजे काय करायचं नाही, किंवा किती करायचं. वाचक म्हणजे हे शेवटी कोण वाचणार. ब्लॉगच्या मथळ्यात बहुतेक वेळा नुसता विषय असतो. बाकीचे तीन भाग मजकुरात विखुरलेले असतात, कधी फक्त फोटोत दिसतात, आणि पुष्कळदा लिहायचेच राहून गेलेले असतात, कारण लिहिणाऱ्या शिक्षकाच्या ते अंगवळणी पडलेले असतात.

ब्लॉगांवर वारंवार भेटणारा एक उपक्रम घेऊ. जुन्या, बंद दाराचा फोटो आणि खाली प्रश्न: 'दारापलीकडे काय असेल?' तुमच्याही साठ्यात तो असेल. वर्गात दिला की निम्मी मुलं दार उघडून थेट जादूच्या राज्यात जातात, तिथे परी नाहीतर राक्षस भेटतो आणि आठव्या ओळीत 'तेवढ्यात मला जाग आली'. उरलेली फोटोच वाचून दाखवतात: 'चित्रात एक दार आहे. दार लाकडी आहे. दाराला कुलूप आहे.' दोन्हींचं कारण एकच आहे. प्रश्न इतका मोकळा आहे की मुलाला निवड करायला आधारच मिळत नाही. मग ते हाताशी येईल ते धरतं, ऐकलेली परीकथा किंवा समोरचं चित्र.

तोच फोटो ठेवा आणि तीन गोष्टी घाला. पहिली, लिहिण्याआधी जोडीने बोलणं, तेही एवढ्याच प्रश्नांवर: कुलूप कुणी लावलं? किल्ली आता कुणाकडे आहे? आणि ती व्यक्ती किल्ली का देत नाही? दुसरी, दाराखालच्या फटीतून काय येतंय ते कागदाच्या कोपऱ्यात टिपायचं: एक आवाज, एक वास, एक उजेड. शब्द लिहा किंवा चित्र काढा. तिसरी म्हणजे अट. दार वीतभर उघडलं की गोष्ट संपली पाहिजे, आत जायचं नाही. 'जाग आली'ची सोयच उरत नाही. आणि 'किल्ली का देत नाही' या प्रश्नामुळे गोष्टीत दुसरं माणूस येतं, त्याच्याकडे कारण असतं, मग दोघांत बोलाचाली होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'संवाद लिही' असं सांगून संवाद येत नाही. समोर नाही म्हणणारं कुणीतरी उभं केलं की येतो.

४० मिनिटांची वाटणी साधारण अशी बसते: ५ मिनिटं फोटो आणि प्रश्न, ५ मिनिटं जोडीत बोलणं, ४ मिनिटं फटीतल्या तीन गोष्टी, १५ मिनिटं लिखाण, ६ मिनिटं जोडीदाराला वाचून दाखवणं, आणि ५ मिनिटं वह्या काढण्या-ठेवण्यात जातातच. लिखाणाला १५ मिनिटं कमी वाटतील, पण या वयाची मुलं सलग तेवढाच वेळ मन लावून लिहितात. त्याआधीची १४ मिनिटं वाचवायला जाऊ नका. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, ओळ सरळ ठेवणं यांतच या वयाच्या मुलाचं बरंचसं लक्ष खर्च होतं. एक वाक्य कागदावर उतरेपर्यंत पुढचं निसटून जातं. तोंडी बोलून झालेलं असलं की दोन-तीन वाक्यं जिभेवर तयार असतात आणि हाताला त्यांच्यामागे जाता येतं. तुमचे उपक्रम चार ओळींत थांबत असतील तर आधी इथे बघा: मुलांना पेन्सिल हातात घेण्यापूर्वी काय मिळालं होतं?

ब्लॉगवर वह्यांचे फोटो असतील तर मजकुराच्या आधी फोटो वाचा. मोठे करून मुलांचं अक्षर नीट वाचा, त्यात खूप काही कळतं. तीन वह्यांची पहिली ओळ सारखी असेल तर सुरुवात फळ्यावर लिहून दिलेली होती. शब्द वेगळे पण परिच्छेदांचा क्रम सारखा असेल तर प्रश्नांची चौकट दिलेली होती. खाडाखोड अजिबात नसेल तर ती दुसरी प्रत आहे, म्हणजे कच्चा मजकूर आधी कधीतरी झाला, तपासला गेला आणि मग हा सुबक कागद तयार झाला. तुमच्या एका तासाची तुलना तुम्ही कदाचित त्यांच्या तीन तासांशी करताय. शिवाय फोटो दोन-तीन वह्यांचे असतात आणि वर्ग भरलेला असतो. फोटो नाहीत, वेळ दिलेला नाही, काय बिघडलं याचा उल्लेख नाही, नुसती '१०१ भन्नाट विषय' अशी यादी आहे, तर तो ब्लॉग खुशाल बंद करा. अशा याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि त्यांत साचा, अट, वाचक यांपैकी काहीच नसतं.

चांगले ब्लॉग कुठे शोधायचे, या प्रश्नावर मी थोडं वेगळं सुचवेन. शिक्षकांचे ब्लॉग हा दुय्यम साठा धरा. लहान मुलांसाठी सगळ्यात ताजे साचे ज्यांचा शाळेशी काही संबंध नाही अशा ब्लॉगांत मिळतात. पक्षी बघणारे, बागकाम करणारे, सायकल किंवा घड्याळं दुरुस्त करणारे, पायी भटकणारे, जुन्या वस्तू जमवणारे लोक कामापुरतं लिहितात आणि त्यामुळे त्यांच्या लिखाणाला नेमका आकार असतो.

पक्षीनिरीक्षकाची नोंद बघा. वेळ, हवा, काय दिसलं, किती, काय करत होतं, आणि ओळख पटली नसेल तर तसं स्पष्ट लिहिलेलं. हा साचा वर्गाच्या खिडकीवर लावता येतो. १५ मिनिटं खिडकीतून बघायचं आणि किमान तीन नोंदी करायच्या. त्यांतली एक 'ओळख पटली नाही' अशी हवीच. मग नोंद येते ती अशी: '१०.४०. ऊन. मुंग्या, मोजता आल्या नाहीत. एक मुंगी उलट्या दिशेने चालली होती. का, माहीत नाही.' एका मुंगीकडे लक्ष गेलं ते 'काय करत होतं' या रकान्यामुळे. ज्या मुलांना लांब वाक्यं जमत नाहीत त्यांना तुटक वाक्यांची परवानगी हा मोठा आधार असतो. वर्गात मागे पडणारी मुलं या साच्यात अनेकदा पुढे असतात.

दुरुस्तीच्या ब्लॉगचा क्रम वेगळा असतो: काय बिघडलं, आधी काय करून पाहिलं, ते का चाललं नाही, मग काय केलं. 'पेन्सिलचं टोक सारखं का तुटतं' किंवा 'दप्तराची चेन' यावर मुलं या क्रमाने लिहितात तेव्हा 'कारण', 'म्हणून', 'तरीही' हे शब्द न शिकवता येतात. भटक्यांच्या ब्लॉगवर 'पहिल्यांदा येणाऱ्यांनी काय टाळावं' असा परिच्छेद हमखास सापडतो. त्यावरून शाळेत नव्याने येणाऱ्या मुलासाठी माहितीपत्रक लिहिता येतं, आणि ते पुढच्या वर्षी खरंच कुणाच्यातरी हातात देता येतं. वस्तू खराब निघाल्याच्या तक्रारींतून आपल्या जुन्या 'मनोगता'लाही नवं रूप मिळतं. 'मी छत्री बोलतेय. माझा जन्म एका कारखान्यात झाला' ही सुरुवात तुम्ही असंख्य वेळा तपासली असेल. जन्मापासून सुरू केलं की मूल आयुष्यभराचा इतिहास सांगत बसतं आणि एकही प्रसंग नीट येत नाही. त्याऐवजी खोडरबराला पेन्सिलीविरुद्ध तक्रार करू द्या: काय घडलं, केव्हा, किती वेळा, आणि आता काय हवंय. चार प्रश्नांची चार उत्तरं झाली की तक्रार तयार.

अटीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण शिक्षकांना अट घालणं कडक वाटतं. 'मुलांना मोकळं सोडलं की कल्पना सुचतात' हा समज फार प्रेमळ आहे, पण लिखाणात तो क्वचितच खरा ठरतो. १९६० साली फ्रान्समध्ये रेमों कनो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी 'उलिपो' हा लेखकांचा गट सुरू केला. त्या गटाचं कामच मुळी स्वतःवर अटी घालून लिहिण्याचं. पुढे त्यातल्या एका लेखकाने फ्रेंच भाषेत सर्वाधिक येणारं अक्षर टाळून आख्खी कादंबरी लिहिली. आठ वर्षांच्या मुलांसाठी एवढं पुरे: चित्रावर पाच वाक्यं लिहायची आणि 'आहे', 'आहेत' हे शब्द वापरायचे नाहीत. 'चित्रात एक झाड आहे' म्हणताच येत नाही, मग 'झाड वाऱ्याने वाकतं' येतं, 'झाडाखाली कुत्रा झोपलाय' येतं. एका शब्दाला मनाई केली आणि वाक्यात कृती दाखवणारं क्रियापद आलं. अट मात्र एका वेळी एकच ठेवा. दोन अटी घातल्या की मुलं आशय विसरून नियमच सांभाळत बसतात.

वाचक हा भाग बहुतेक ब्लॉगांवरही कच्चा असतो. बत्तीस वह्या तुम्हीच वाचणार हे मुलांना ठाऊक असतं, त्यामुळे लिखाण 'बाईंना हवं तसं' होतं. १९२० च्या दशकात फ्रान्समधले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी वर्गात छोटा छापखाना आणला. मुलांनी लिहिलेलं मुलंच छापत आणि ते दूरच्या दुसऱ्या शाळेतल्या मुलांना जात असे, तिकडचं इकडे येत असे. आज छापखान्याची गरज नाही. शेजारच्या तुकडीशी वह्यांची अदलाबदल केली तरी पुरतं. मुलं स्वतः लिहितात असे काही वर्गांचे ब्लॉगही असतात. त्यांतली एखादी नोंद नाव काढून टाकून वर्गात वाचून दाखवा आणि विचारा: 'हिने काय सांगायचं राहू दिलं?' मग मुलांना तिला प्रश्न लिहू द्या. प्रश्न लिहिणं हेही लेखनच आहे.

परभाषेतल्या ब्लॉगवरून काही घेताना भाषांतर करू नका. उपक्रम एकदा नीट वाचा, पान बंद करा आणि आठवणीतून मराठीत सूचना लिहा. जे आठवलं नाही त्याची बहुधा गरज नव्हती, आणि सूचनाही वर्गात बोलतो तशा उतरतात. काही उपक्रम मुळातच त्या भाषेच्या अंगाने बेतलेले असतात. शब्दातल्या प्रत्येक अक्षराने एकेक ओळ सुरू करायची, ही कविता इंग्रजी ब्लॉगांवर पावलोपावली भेटते. मराठीत 'बाळ' किंवा 'प्राणी' असा शब्द दिलात तर दुसऱ्याच ओळीला वर्ग अडतो, कारण 'ळ' आणि 'ण'ने आपल्याकडे शब्द सुरू होत नाहीत. तेव्हा शब्द आधी तपासून द्या. हायकू या तीन ओळींच्या जपानी कवितेतल्या पाच-सात-पाच अक्षरांच्या ओळी मोजणं मराठीत तुलनेने सोपं जातं, फक्त जोडाक्षर एकच धरायचं हे आधी ठरवून घ्या, नाहीतर अर्धा तास त्या वादात जातो. उलट आपल्या भाषेतले आवाजाचे शब्द, सळसळ, किणकिण, धपकन, कुरकुर, हा इतका मोठा खजिना आहे की 'फक्त आवाजांनी सांगितलेली सकाळ' असा उपक्रम मराठी मुलांना अगदी सहज जमतो.

आता उचलेगिरीबद्दल. कॉपीराइट मांडणीला असतो, कल्पनेला नसतो. बंद दाराची कल्पना घेऊन स्वतःच्या शब्दांत सूचना लिहिल्या तर त्यात गैर काही नाही, शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडून असंच शिकत आलेत. पण त्यांनी बनवलेला तयार कागद, चित्रं, फोटो जसेच्या तसे छापून दुसऱ्या शाळांच्या गटांत फिरवणं वेगळं. पानाच्या तळाशी क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे काही अटींवर वापराची मुभा आधीच देणारा, परवाना असेल तर तो वाचा: 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या, 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको, 'एनडी' म्हणजे बदल केलेली प्रत वाटू नका. भाषांतर हाही बदलच, त्यामुळे 'एनडी' असलेल्या कागदाचं मराठी रूप वाटण्याआधी परवानगी घ्या. परवाना लिहिलेलाच नसेल तर हक्क राखीव आहेत असं धरून चाला. आणि त्या शिक्षकांना दोन ओळी जरूर पाठवा, तुम्ही काय बदललंत आणि काय झालं ते. त्यांना त्याचा उपयोग होतो. तुमच्या मुलांच्या वह्यांचे फोटो तुम्ही कुठे टाकणार असाल तर पालकांची संमती घ्या आणि नाव झाका.

वाचनाची शिस्तही लावून घ्या. पाच-सहा ब्लॉग निवडा, ते एखाद्या फीड रीडरमध्ये घाला, म्हणजे नवं आलेलं एका जागी दिसेल आणि तुम्ही भटकत बसणार नाही. फीडली, इनोरीडर यांपैकी कुठलाही चालेल. आठवड्यातून एकदा अर्धा तास, आणि त्यातून एकच उपक्रम. लिंक साठवू नका. वहीत चार ओळी लिहा: विषय, साचा, अट, वाचक. चारही ओळी लिहिता आल्या नाहीत तर उपक्रम अर्धवट आहे, उरलेलं तुम्हाला घालायचंय. जुने चांगले ब्लॉग बंद पडलेले असले तर पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाकून बघा, पुष्कळदा पानं जशीच्या तशी मिळतात.

वर्गात नेण्याआधी ७ मिनिटं लावून तो उपक्रम स्वतः लिहून बघा. जिथे तुमचं पेन थांबेल तिथे बत्तीस पेन्सिली थांबणार आहेत. तिथेच एक प्रश्न किंवा एक उदाहरण घाला. याच वेळी हेही तपासा, की सुट्टीत कुठेही न गेलेलं, घरी फारसं काही नसलेलं मूल यावर लिहू शकेल का. 'माझी सहल' तिथेच गळून पडतो.

आणि दर आठवड्याला नवं हवंच, हा आग्रह सोडा. नोंदवहीचा साचा एकदा आणलात की लागोपाठ तीन आठवडे तोच चालवा: खिडकी, मधली सुट्टी, घरातला संध्याकाळचा अर्धा तास. पहिल्यांदा मुलांची सगळी बुद्धी साचा समजून घेण्यात जाते. दुसऱ्यांदा तो हाताला लागतो, आणि लिखाण सुधारतं ते तिसऱ्या वेळी. पहिल्याच प्रयत्नावर 'फसला' असा शिक्का मारलेले तुमचे काही उपक्रम बहुधा फसलेले नव्हते. म्हणजे वर्षभरात ३० तास लेखनाचे मिळत असतील तर तुम्हाला १० साचे पुरतात.

ते १० तुमच्या २०० लिंकांतच आहेत. रोज पाचच उघडा. दोन मिनिटांत साचा सापडला तर वहीत उतरवा, नाही सापडला तर लिंक पुसून टाका. पुढच्या तासाला बंद दार घ्या. बोलून झाल्यावरही एखादं मूल कोरा कागद धरून बसलं तर त्याच्याशेजारी बसा, 'किल्ली कुणाकडे आहे?' एवढंच विचारा, आणि ते जे बोलेल ते पहिलं वाक्य त्याच्याच शब्दांत तुम्ही लिहून द्या. दुसरं त्याला लिहू द्या.